मदत हवी आहे: पोकरमध्ये फ्लॉप (पहिले तीन उघडे पत्ते) हुकला तर बेट लावायची का?

कोथरूडला शनिवारी आमचा टेक्सास होल्डेमचा डाव बसतो. सहा जण, ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघण्याआधी लावायच्या सक्तीच्या चिप्स) 5-10, प्रत्येकी 1000 च्या चिप्स. पैसे अजिबात नाहीत, तेव्हा त्यावरून उपदेश नको.

बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळायची जागा) एक्का-राजा घेऊन 30 करतो. दोन्ही ब्लाइंडसकट तिघं कॉल करतात, म्हणजे तेवढेच लावतात (आमच्यात पत्ते टाकणं म्हणजे कमीपणा!). पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) 120. फ्लॉप 9-8-4, त्यात दोन बदाम. सगळे चेक (काही न लावता पुढे). मी 60 लावतो. हिशोबाने तीनात एकदा सगळ्यांनी टाकले तरी भागतं, पण टाकतंय कोण? 90 लावूनही तेच. चेक केलं तर टर्नला (चौथ्या उघड्या पत्त्यावर) कुणीतरी दाबून लावतो आणि मला सोडावं लागतं.

एकावर एक असताना अर्धा पॉट छान चालतो. अडतं ते गर्दीत. अशा चिकट मंडळींसमोर हुकलेल्या फ्लॉपवर सरळ चेकच करायचं का? आणि एक्का लागलाच, तर पूर्ण पॉटएवढी लावू का?