पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी बीडीडी आणि ऑटोमेटेड टेस्टिंग: सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची सात जणांची टीम आहे. गेली आठ वर्षं पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. मुदत ठेव, आवर्त ठेव, पिग्मी, कर्ज, रोजकीर्द, तेरीज, सगळंच. मागच्या बाजूला, सर्व्हरवर, जावा आणि स्प्रिंग बूट, डेटाबेस पोस्टग्रेस, पुढे रिअ‍ॅक्ट. अकरा संस्था ते वापरतात.

मार्चमध्ये आमच्या हातून मोठी चूक झाली. आवर्त ठेवीच्या दंडात बदल करताना दिवस मोजणाऱ्या सामायिक फंक्शनला हात लागला आणि मुदतीआधी मोडलेल्या ठेवींचं व्याज ३६५ ऐवजी ३६० दिवसांच्या वर्षावर निघायला लागलं. रक्कम छोटी, पन्नास हजारांच्या ठेवीमागे पंचवीसेक रुपये. पण ४७ ठेवीदारांना जादा पैसे गेले आणि आमच्या आधी ते लेखापरीक्षकांच्या लक्षात आलं. व्यवस्थापकांसमोर बसून खुलासा करावा लागला, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. लोकांच्या घामाचा पैसा आहे हा.

टेस्ट आमच्याकडे आहेत. सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलच्या २१०, सगळ्या स्क्रीनवरून चालणाऱ्या. पूर्ण चालायला तीन तास लागतात आणि दर वेळी एक-दोन विनाकारण लाल, म्हणजे नापास, होतात. त्यामुळे लाल दिसलं की पोरं पुन्हा चालवतात, कारण कुणी शोधत नाही. ही चूक त्यांतल्या एकीनेही पकडली नाही. 'व्याजाचा आकडा दिसतो का' एवढंच त्या बघत होत्या.

आता बीडीडी (बिहेविअर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट), म्हणजे सिस्टिमने कसं वागायला हवं ते आधी उदाहरणांतून ठरवून मग कोड लिहिणं, करायचं मनात आहे. एका मित्राने साध्या वाक्यांत लिहिलेल्या टेस्ट चालवणारं कुकुम्बर हे टूल सुचवलं, त्या वाक्यांची फीचर फाइल व्यवस्थापकांकडूनच लिहून घ्या म्हणाला. सात जणांना हे झेपेल का? टूल कोणतं घ्यावं? जुन्या २१० टेस्टचं काय करावं? प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगावं.

मुळामुठा

केलं आहे आणि सोडूनही दिलं आहे. पुण्यात विम्याच्या एका प्रोजेक्टवर साडेतीन वर्षं आम्ही कुकुम्बर वापरलं. शेवटी नऊशेच्या वर सिनॅरिओ, म्हणजे वाक्यांत लिहिलेले प्रसंग, झाले होते. लिहायचे टेस्टर, वाचायचेही टेस्टरच. 'युजर लॉगिन बटण दाबतो', 'ड्रॉपडाउनमधून दुसरा पर्याय निवडतो' अशा ओळी. स्क्रीनवरचं एक बटण हललं की साठ सिनॅरिओ मोडायचे. व्यवसायाच्या बाजूच्या एकाही माणसाने ती फाइल कधी उघडली नाही, आणि आम्ही मात्र वाक्यांमागच्या स्टेप डेफिनिशन, म्हणजे प्रत्येक वाक्य चालवणारा कोड, सांभाळत बसलो.

माझा सल्ला: व्यवस्थापक वाचणार नसतील तर कुकुम्बर घेऊच नका. जेयूनिट ५ या जावाच्या टेस्ट टूलमध्ये डिस्प्लेनेम देऊन टेस्टचं नाव पूर्ण मराठी वाक्यात लिहिता येतं. पॅरामीटराइज्ड टेस्टला तक्ता दिला की एकाच टेस्टमधून चाळीस उदाहरणं तपासून होतात. एक थर कमी, डोकेदुखी कमी.

पारिजात

मुळामुठा यांचा अनुभव खरा आहे, मी दोन ठिकाणी तेच पाहिलं. पण तिथे बीडीडी झालंच नव्हतं असं मी म्हणेन. स्क्रीनच्या टेस्ट इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या भाषेत लिहिल्या गेल्या, इतकंच.

बीडीडी आलं कुठून ते बघा. डॅन नॉर्थ टीडीडी (आधी टेस्ट, मग कोड ही पद्धत) शिकवत होते आणि शिकणारे त्याच प्रश्नांवर अडायचे: सुरुवात कुठून करू, काय तपासू, टेस्टला नाव काय देऊ. त्यांच्या लक्षात आलं की 'टेस्ट' हा शब्दच लोकांना भलतीकडे नेतो. त्या जागी 'बिहेविअर' म्हटलं, म्हणजे 'या प्रसंगी सिस्टिमने कसं वागायला हवं' असं विचारलं, की उत्तरं येतात. २००३ मध्ये त्यांनी जेबिहेव हे टूल सुरू केलं ते टेस्टचे शब्द काढून टाकूनच. ख्रिस मॅट्स या बिझनेस अ‍ॅनालिस्टबरोबर काम करताना गिव्हन-व्हेन-देनचा (अशी स्थिती असताना, असं घडलं, तर असं व्हावं) साचा तयार झाला आणि २००६ मध्ये नॉर्थ यांनी यावर लेख लिहिला. कुकुम्बर त्यानंतर, २००८ मध्ये आलं. टूल येण्याच्या कितीतरी आधी ही बोलण्याची पद्धत होती.

म्हणून तुम्ही टूल निवडण्याआधी एक बैठक घ्या. डेव्हलपर, टेस्टर आणि नियम जाणणारा माणूस, तिघं पुरेत. मॅट विन यांची एक्झाम्पल मॅपिंगची पद्धत वापरा, त्यासाठी चार रंगांची कार्डं लागतात. पिवळ्यावर विषय, निळ्यावर नियम, हिरव्यावर त्या नियमाचं आकड्यांसकट उदाहरण, लालवर ज्याचं उत्तर खोलीत कुणालाच माहीत नाही तो प्रश्न. पंचवीस मिनिटांत थांबायचं. लाल कार्डं फार झाली तर त्या विषयाचा कोड लिहायला घ्यायचा नाही.

तुमचंच उदाहरण घेते, दर काल्पनिक आहेत. ५०,००० रुपये एका वर्षासाठी ९ टक्क्यांनी ठेवले, २०० दिवसांनी ठेव मोडली. संस्थेचा नियम असा की जितके दिवस पैसे राहिले त्या टप्प्याचा दर लावायचा आणि त्यातून १ टक्का कापायचा. टप्प्याचा दर ७.५, म्हणजे हाती ६.५ टक्के. ३६५ दिवसांचं वर्ष धरलं तर व्याज १,७८०.८२. ३६० धरलं तर १,८०५.५६. हे एक हिरवं कार्ड भिंतीवर असतं आणि त्याची टेस्ट असती तर मार्चची चूक त्याच दुपारी पकडली गेली असती.

आणि ही टेस्ट स्क्रीनवरून चालवू नका. सिनॅरिओची स्टेप थेट व्याज काढणाऱ्या सर्व्हिसला जोडा. गिव्हन-व्हेन-देन लिहिलं म्हणजे ब्राउझर उघडलाच पाहिजे असा काही नियम नाही. अशा दोनशे टेस्ट काही सेकंदांत होतात.

सह्यकडा

स्क्रीन टेस्टबद्दल थोडा हिशोब देतो. प्रत्येक टेस्ट विनाकारण लाल होण्याची शक्यता फक्त अर्धा टक्का धरा. २१० टेस्ट सगळ्या हिरव्या येण्याची शक्यता ०.९९५ चा २१० वा घात, म्हणजे साधारण ३५ टक्के. कोडमध्ये एकही चूक नसताना तीनातले दोन बिल्ड, म्हणजे सगळ्या टेस्टच्या फेऱ्या, लाल. पोरांचा लाल रंगावरचा विश्वास उडाला तो यामुळे, त्यांना दोष देऊ नका. गूगलने २०१६ मध्ये त्यांच्याकडचे आकडे सांगितले होते, तिथेही जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही अस्थिरपणा होता.

टूलचं थोडक्यात. जावा आहे तर कुकुम्बर-जेव्हीएम जेयूनिटवरच चालतं. डेटाबेस लागणाऱ्या टेस्टसाठी एचटू हा हलका पर्यायी डेटाबेस वापरू नका, टेस्टकंटेनर्स या लायब्ररीने खरा पोस्टग्रेस टेस्टपुरता डॉकरमध्ये उभा करा. तारखा, राउंडिंग, लॉकिंग या बाबतीत एचटू आणि पोस्टग्रेस सारखे वागतील याचा भरवसा नाही. ज्या स्क्रीन टेस्ट ठेवाल त्या हळूहळू प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या दुसऱ्या टूलवर न्या. बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत ते आपणहून थांबतं, त्यामुळे जागोजागी पेरलेले स्लीप (ठरावीक सेकंद थांबण्याच्या ओळी) निघून जातात.

२१० एकदम पुसू नका. ठेव उघडणे, पावती छापणे, कर्ज वाटप, दिवसअखेर असे मुख्य प्रवाह निवडा, पंधरा-वीस होतील. बाकीच्यांतली प्रत्येक, तिचं काम खालच्या थरातल्या टेस्टने उचललं की काढा.

दोन गोष्टी पहिल्या दिवशी करा. कोडमध्ये आजची तारीख थेट विचारू नका, जावाचा क्लॉक बाहेरून द्या. नाहीतर ३१ मार्च आणि २९ फेब्रुवारी तुम्हाला कधीच तपासता येणार नाहीत. आणि पैशाला डबल (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरत असाल तर थांबवा, बिगडेसिमल (दशांश अचूक साठवणारा) घ्या आणि राउंडिंग मोड प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहा. १,७८०.५० हा आकडा सर्व्हरवर हाफ-इव्हनने (अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे) १,७८० होतो आणि ब्राउझरमधल्या मॅथ-राउंडने १,७८१. पावतीवर एक, खात्यात दुसरं.

खतावणी

मी प्रोग्रामर नाही. सातारा जिल्ह्यात एका पतसंस्थेत बावीस वर्षं काढली, शेवटची नऊ व्यवस्थापक म्हणून. मुलगी या क्षेत्रात आहे, तिने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

आमच्याकडून फाइल लिहून घेऊ नका. आम्ही ती लिहिणार नाही, आणि लिहिली तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहू. आमच्या टेबलाशी बसा, पावती पुढे ठेवा आणि विचारा, 'हा माणूस आज ठेव मोडायला आला तर तुम्ही कॅल्क्युलेटरवर काय करता?' मग आम्ही तुम्हाला सोडणार नाही.

पन्नास हजारांच्या त्या उदाहरणात मला लगेच दिसलं ते सांगतो. ठेव ठेवल्याचा दिवस धरला की मोडल्याचा? दोन्ही धरले तर २०१ होतात. ठेवीदार मयत झाला आणि वारस आला तर तो एक टक्का कापायचा का? आमच्याकडे कापत नव्हतो, तसा ठराव होता. त्याच ठेवीवर तारण कर्ज काढलेलं असेल तर आधी काय वळतं करायचं? ज्येष्ठ नागरिकाला दिलेला वाढीव अर्धा टक्का मोडताना राहतो की जातो? तिमाही व्याज आधीच उचललेलं असेल तर जादा गेलेलं मुद्दलातून वसूल होतं, तेव्हा ठेवीदार काउंटरवर भांडतो. ही भांडणं आमच्या लक्षात असतात. तीच विचारा.

आणखी एक. मागच्या तीन वर्षांत बंद झालेल्या ठेवी तुमच्याच डेटाबेसमध्ये आहेत आणि त्यांचं लेखापरीक्षण झालेलं आहे. ते आकडे बरोबर आहेत हे कुणीतरी सही करून सांगितलंय. तपासायला याहून चांगलं काय मिळणार?

पारिजात

काका, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. कृष्णाकाठ, नावं आणि खाते क्रमांक काढून त्या ठेवींचा तक्ता करा आणि नवा कोड रोज रात्री त्यावर चालवा. कुठलाही आकडा जुन्याशी जुळला नाही तर सकाळी कळेल. नियम नीट लिहून होईपर्यंत ही जाळी तुम्हाला सांभाळेल.

मुळामुठा

खतावणी काकांचं वाचून माझं मत थोडं बदललं. असा माणूस टेबलाशी असेल तर सिनॅरिओ त्याच्या भाषेत लिहिण्यात अर्थ आहे. आमच्याकडे तो माणूसच खोलीत नव्हता.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

मार्चमध्ये ज्या संस्थेत चूक झाली तिथेच गेलो. व्यवस्थापक सुरुवातीला गप्प होते. पावती पुढे ठेवून काकांचा प्रश्न शब्दशः विचारला आणि सव्वा तास कसा गेला कळलं नाही. फक्त ठेव मोडण्यावर ७ निळी, १९ हिरवी आणि ५ लाल कार्डं निघाली. त्यांतला एक नियम आमच्या कोडमध्ये आठ वर्षं नव्हताच, ते दर वेळी हाताने दुरुस्ती नोंद टाकायचे.

सिनॅरिओ मराठीतच लिहितोय. गर्किनमध्ये, म्हणजे कुकुम्बरच्या फाइली ज्या भाषेत लिहितात तिच्यात, मराठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा संकेत दिला की वैशिष्ट्य, परिदृश्य, जर, जेव्हा, मग, आणि, पण हे शब्द चालतात. एक असा दिसतो:

परिदृश्य: एक वर्षाची ठेव २०० दिवसांनी मोडली
जर सभासदाची ५०,००० रुपयांची ठेव १ वर्षासाठी आहे
आणि २०० दिवसांच्या टप्प्याचा दर ७.५ टक्के आहे
आणि मुदतपूर्व कपात १ टक्का आहे
आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरलं आहे
जेव्हा सभासद २०० दिवसांनी ठेव मोडतो
मग व्याज १,७८१ रुपये मिळतं

व्यवस्थापकांनी हे मोबाइलवर वाचलं आणि 'मोडल्याचा दिवस धरत नाही हेही लिहा' म्हणाले. माझ्या कामात असं पहिल्यांदा घडलं. ती ओळ आता घालतोय.

कुणी याच वाटेने जाणार असेल तर एक अडचण सांगून ठेवतो. कुकुम्बरचा तयार पूर्णांकाचा पॅरामीटर (वाक्यातला आकडा उचलणारा भाग) देवनागरी आकडे ओळखत नाही, जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर जुळवायच्या साच्यात) अंक म्हणजे मुळात इंग्रजी अंकच. आम्ही ० ते ९ देवनागरी आणि स्वल्पविराम घेणारा स्वतःचा पॅरामीटर टाइप लिहिला, स्वल्पविराम काढून आकडा बिगडेसिमलला दिला. तो देवनागरी अंक समजून घेतो.

मग कोडमध्ये मुद्दाम ३६५ च्या जागी ३६० लिहून पाहिलं. ११ सिनॅरिओ लाल झाले, चौथ्या सेकंदाला.

आता एक अडलंय. लीप वर्षात एक संस्था ३६६ धरते, बाकीच्या ३६५ वरच राहतात. त्या एका संस्थेसाठी वेगळी फाइल करू की पार्श्वभूमीत, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या सगळ्या सिनॅरिओंना लागू होणाऱ्या भागात, सेटिंग ठेवू?

पारिजात

पार्श्वभूमीत नको, वाचणारा ती विसरतो. तुम्ही 'वर्ष ३६५ दिवसांचं धरलं आहे' ही ओळ सिनॅरिओतच लिहिली आहे, तसंच करत राहा. ३६६ साठी त्याच फाइलमध्ये शेजारी दुसरा सिनॅरिओ. दोन्ही एकाखाली एक दिसले की फरक सांगावा लागत नाही. संस्थेचं नाव सिनॅरिओत घालू नका, उद्या दुसरी संस्थाही ३६६ मागेल.

खतावणी

नाव नको, पण ठराव हवा. दिवस कसे धरायचे हे संचालक मंडळाच्या बैठकीत ठरतं आणि इतिवृत्तात लिहिलेलं असतं. ठराव क्रमांक आणि तारीख त्या नियमाच्या खाली लिहायची सोय तुमच्या फाइलमध्ये असेल तर लिहा. लेखापरीक्षक आकडा बघायच्या आधी तेच मागतात.

कृष्णाकाठ

सोय आहे काका. नियमाच्या ओळीखाली मोकळा मजकूर चालतो, टूल तो वाचत नाही. सोमवारी संस्थेत जाऊन इतिवृत्ताची वही मागतो.