१४ एप्रिलला मुलींनी डफडं वाजवावं का? बाहियातल्या ढोलांबद्दल माहिती असणाऱ्यांनी सांगावं

विहारातली_ताई:

जय भीम सर्वांना.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातली. विहाराच्या मागच्या खोलीत पोरापोरींची अभ्यासिका चालवते. दरवर्षी १४ एप्रिलची मिरवणूक निघते, वर्गणी होते आणि त्यातली बहुतेक डीजेवाल्याच्या घशात जाते. यंदा मोठ्या मुलींनीच विषय काढला: ताई, डीजे नको, आपण वाजवू. मला वाटलं लेझीम म्हणतील, शाळेत हात बसलेला आहे. तर म्हणे लेझीम नाही, डफडं.

हे त्यांच्या डोक्यात आलं ब्राझीलच्या एका व्हिडिओवरून. बाहिया राज्यात साल्वादोर शहर आहे. तिथली दगडी फरसबंदीची चढण, दोन्ही बाजूंना जुनी रंगीत घरं, आणि वरून ढोल वाजवत उतरणाऱ्या काळ्या बायका. सगळ्या बायकाच. कमरेला अडकवलेले मोठाले ढोल, हातातल्या काठ्या डोक्यावरून फिरवून पुन्हा त्याच ठोक्यावर आणणं, आणि चेहऱ्यावर कुणाची परवानगी मागितल्याचा भाव नाही. आमच्या पोरी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतात.

मी शोधलं. त्या पथकाचं नाव दिदा. नेगिन्यो दो साम्बा नावाच्या वादकानं ते १९९३ मध्ये काढलं. त्याआधी हाच माणूस ओलोदुमचा ढोलप्रमुख होता. ओलोदुम म्हणजे मायकल जॅक्सनच्या १९९६ च्या व्हिडिओत मागे दिसणारे ढोलवाले, पेलोरिन्यो भागातले. याच भागात एके काळी गुलामांना खांबाला बांधून सगळ्यांसमोर फटके मारत. आज तिथं ढोल शिकवतात.

घरी सांगितलं तर आबाजी ताटावरून उठून गेले. आमच्या वस्तीनं १९५६ च्या दीक्षेनंतर डफडं सोडलं. आबाजींचे वडील वाजवायचे. पोळ्याला, लग्नाला, दवंडीला, मयतीला. बोलावणं आलं की जायचंच. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी डफड्याचं कातडं फाडून टाकलं आणि लोखंडी कडं कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. ते खुराडं मी लहानपणी पाहिलेलं आहे. ज्या वस्तूतून सुटायला पणजोबांनी एवढं केलं तीच आता पणतीनं विकत आणायची का, हा आबाजींचा प्रश्न आहे, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

बाहियातल्या लोकांनी हे कसं केलं? गुलामीशी बांधलेला ढोल त्यांचा अभिमान कसा झाला? नीट माहिती असेल त्यांनी सांगा. मुलींना मला खरं उत्तर द्यायचं आहे.

आर्वीकर_नागपुरात:

ताई, जय भीम. या विषयावर माझं बरंच वाचन आहे, म्हणून लांब लिहितो.

ओलोदुमचे हिरवे-लाल-पिवळे ढोल सगळ्यांना दिसतात, पण मुलींना आधी इले आइये हे पथक दाखवा. साल्वादोरमधली लिबरदाजी नावाची काळ्या लोकांची मोठी वस्ती, तिच्यातला कुरुझू हा भाग, आणि साल १९७४. ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती. शहरातल्या कार्निव्हलच्या, म्हणजे रस्त्यावरच्या मोठ्या वार्षिक उत्सवाच्या, चांगल्या पथकांत काळ्या माणसाला जागा नव्हती. तो ओझं वाहायला, वाजवायला किंवा बघायला. तेव्हा वस्तीतल्या तरुणांनी स्वतःचं पथक काढलं आणि नियम केला की यात फक्त काळी माणसं असतील. १९७५ च्या कार्निव्हलला ते पहिल्यांदा रस्त्यावर आले. त्यानंतर लगेच शहरातल्या प्रतिष्ठित दैनिकानं त्यांनाच वर्णद्वेषी ठरवलं. ज्यांना इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं त्यांनी स्वतःचं दार बांधलं, तर दोष त्यांचा!

या पोरांच्या मागे एक बाई उभी होती, माई हिल्डा. कांदोम्ब्ले हा आफ्रिकेतून आलेल्या देवतांचा धर्म, आणि त्या त्याच्या पुरोहित. पथकाचा जन्म त्यांच्याच पूजाघराच्या आसऱ्यानं झाला. आजही कार्निव्हलच्या शनिवारी रात्री मिरवणूक कुरुझूच्या चढावरून, त्याच पूजाघरापासून निघते. आधी पूजा होते, लाह्या उधळतात, पांढरी कबुतरं सोडतात, मग ढोल. त्याच पूजाघरात वस्तीतल्या मुलांची शाळासुद्धा सुरू झाली. तुमच्या विहारात अभ्यासिका आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता मागचा इतिहास. ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली, अमेरिका खंडांतल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. गुलामी कायद्यानं संपली १३ मे १८८८ ला, त्या सगळ्या खंडात सर्वांत शेवटी. जमीन नाही, भरपाई नाही, मोकळे झालात, जा. दोनच वर्षांत, १८९० च्या दंडसंहितेत, कापोएरा हा काळ्या लोकांचा नाचासारखा लढाईचा खेळ खेळणं गुन्हा ठरला. १८३५ मध्ये साल्वादोरला मुस्लिम आफ्रिकींनी उठाव केला होता. तेव्हापासून चार काळी माणसं ढोल घेऊन जमली की पोलिसांचे कान उभे राहत. कांदोम्ब्लेच्या पूजाघरांना बाहियात १९७६ पर्यंत पोलिसांकडून परवाना घ्यावा लागे. रिओमध्येही तेच. बाहियातून गेलेल्या काळ्या बायकांच्या घरांत साम्बा, म्हणजे ढोलांवरचं नाच-गाणं, वाढला. सिआता मावशींचं घर त्यात सर्वांत प्रसिद्ध. पुढच्या खोलीत सभ्य नाच आणि मागच्या अंगणात ढोल. १९१७ च्या कार्निव्हलमध्ये साम्बाचं पहिलं गाजलेलं गाणं वाजलं ते याच गोतावळ्यातून आलेलं. नंतर तोच साम्बा सरकारनं देशाची ओळख म्हणून जगभर मिरवला.

म्हणून 'ढोल अभिमान कसा झाला' याचं माझं उत्तर असं: वाजवणाऱ्यानं अटी घातल्या तेव्हा. कोण वाजवणार, कुठून निघणार, कुणाची गाणी म्हणणार, हे इले आइयेनं स्वतः ठरवलं. जिथं ते ठरवता आलं नाही तिथं आजही अभिमान वगैरे काही नाही. साल्वादोरच्या कार्निव्हलमध्ये मोठ्या गाडीवर गायक असतो, गाडीभोवती दोरीचं कडं असतं. आत तिकीट म्हणून महागडा सदरा विकत घेतलेले लोक नाचतात. ती दोरी तासन्‌तास हातात धरून चालणारी माणसं रोजंदारीवरची, बहुतेक काळी. त्याच रस्त्यावर, त्याच रात्री, त्याच तालावर.

पुलगावचे_काका:

बेटा, तुझे आबाजी ताटावरून का उठले ते मला समजते. मी त्यांच्याच पिढीतला.

वरच्या भाऊंनी छान माहिती दिली. पण त्यांच्याच माहितीतून एक फरक दिसतो आणि तो बाजूला सारू नका. तिकडे ढोलावर बंदी होती. मालकाला आणि पोलिसाला ढोलाची भीती होती. लपून वाजवला, जपला, मार खाऊन वाजवला. म्हणून तो ढोल त्यांचा. आपल्याकडे डफडं वाजवायची सक्ती होती. नाही म्हटलं की मार, नाही म्हटलं की गावचा बहिष्कार. त्यांच्यासाठी वाजवणं हे बंड होतं, आपल्यासाठी न वाजवणं हे बंड होतं. नागपूरला १४ ऑक्टोबरला आणि चंद्रपूरला १६ ऑक्टोबरला जी माणसं उभी राहिली, त्यांनी गावी परतून पहिल्यांदा काय केलं? मेलेलं ढोर ओढायला नकार दिला आणि डफडं खाली ठेवलं.

मी लहान असताना वडिलांसोबत एका लग्नाला गेलो होतो. उन्हाळा. वडील नवरदेवापुढे वाजवत वेशीपासून मांडवापर्यंत आले. मांडवाच्या दाराशी त्यांना हातानं इशारा झाला आणि ते थांबले. वरात आत गेली. आम्ही बाहेर बाभळीखाली बसलो. पंगती उठेपर्यंत बसलो. मग पत्रावळीवर जे आलं ते आलं. वडिलांच्या अंगठ्याजवळ काडीनं सोलून रक्त आलं होतं, ते धोतराला पुसत होते. हे चित्र डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला तुमचा ब्राझीलचा व्हिडिओ सुंदर वाटेल, पण त्याचा हात काडीकडे जाणार नाही.

मी गाण्याबजावण्याच्या विरोधात नाही. ढोलकी, पेटी, जलसे, भीमगीतं यांवर आपल्या चळवळीची गावंच्या गावं जागी झाली. मुलींना हार्मोनियम शिकवा, ढोलक शिकवा. डफडंच का?

सेवाग्राम_रोड:

थोडं वेगळं सांगते. साल्वादोरच्या बंदरावरच्या हमालांनी १९४९ मध्ये, गांधीजींच्या खुनाला वर्ष होता होता, एक पथक काढलं. नाव ठेवलं फिल्योस द गांधी, म्हणजे गांधीजींची लेकरं. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. ताल मात्र कांदोम्ब्लेचा, इजेशा नावाचा संथ ताल, आणि गाणी आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत. गिल्बेर्तो जिल हे मोठे गायक १९७० च्या दशकात त्यांच्यात सामील झाले. आज हजारो पुरुष त्या वेषात निघतात. बायकांना त्या रांगेत जागा नाही, म्हणून तुमच्या मुलींना दिदाच जवळची वाटणार. गांधीजींबद्दल तुमच्या वस्तीत काय भावना आहे ते मला ठाऊक आहे, त्यावर वाद नको. सेवाग्रामपासून इतक्या दूर, आश्रम कधी न पाहिलेल्या हमालांनी ते नाव उचलून आपल्या देवांच्या तालावर चालवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संदलवाला_भाऊ:

ताई, मी धुमालात, म्हंजे आपल्याकडच्या बँडपार्टीत, वाजोतो, सीझनले संदलमंदी, दर्ग्याच्या मिरवणुकीत, बी जातो. वाजवावं का नाई हे तुमी अन् काका ठरवा. मले वाजोण्याचं समजते, ते सांगतो.

ते बाहियावाले म्या लय आयकले हायेत. त्यायचे मोठे ढोल, सुर्दो म्हनतेत, ते एका मापाचे नसतेत. सगळ्यात खालच्या आवाजाचे दोन, ते एकामेकाले उत्तर देतेत. एक वाजला का थांबते, मंग दुसरा. त्याच्यावर मधल्या मापाचे, ते चाल फिरोतेत. वरतून रेपिक, लहान ढोल, त्याले पातळ लवचिक काड्या. अन् काइशा, आपल्या बँडमधल्या साइड ड्रमवानी, ते थांबतच नाई. नेगिन्योनं साम्बाचा जोर अन् जमैकाच्या रेगेची मागं ओढणारी चाल एकात बांधली, त्यालेच साम्बा-रेगे म्हनतेत. खालचे ढोल हळू चालतेत, वरचे धावतेत. म्हणून चालता चालता आंग आपोआप डुलते.

आता तुमच्या पोरींचं. सगळ्यायनं एकाच मापाचं डफडं घेतलं त आवाज नुसता चिरकते, पोटात बसत नाई. कडे तीन मापाचे बनवा. मोठ्याले जाड कातडं, लहान्याले बकरीचं पातळ. खाली दोन ढोल पायजेतच. डाव्या हातातली बारीक काडी कड्याजवळ, ते तुमचं रेपिक. उजव्या हातातली जाड काडी मधात. बारीक काडीचं काम कच्चं असन त दुसरं काईच जमत नाई, पयले महिनाभर तेच करा.

अन् एप्रिलात डफडं शेकाची गरज नाई. आपल्याकडच्या उन्हात जरासं ठेवलं का टणक होते, जास्त ठेवलं का फाटते. मिरवणूक थांबली का सावलीत उलटं ठेवाचं, ओला फडका जवळ असू द्याचा. पावसाळ्यात मंग पऱ्हाट्यांचा जाळ लागते.

विहारातली_ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं उत्तर मी विहारात सगळ्या मुलींसमोर मोठ्यानं वाचलं. दोघी रडल्या. मग एकीनं विचारलं, 'आपण स्वतःच्या मनानं वाजवलं आणि कुणाच्या बोलावण्यावर कधीच गेलो नाही, तरी ती सक्तीच राहील का?' काका, याचं उत्तर तुमच्याकडूनच हवं आहे.

'डफडंच का' हे तुम्ही विचारलंत. मुलींचं म्हणणं असं की ढोलक आणि पेटी आम्ही शिकूच, पण डफडं पणजोबांच्या हातातलं आहे, त्यांचा हात चांगला होता असं म्हातारी माणसं अजून सांगतात, आणि त्या हाताबद्दल घरात कुणी बोलत नाही. कलावंत होते ते. लग्नातल्या पत्रावळीवर त्यांची किंमत झाली म्हणून त्यांची कला खोटी ठरत नाही.

आर्वीकर भाऊंनी अटींचं सांगितलं ते आम्ही धरून बसलो. बैठकीत ठरलं ते असं. वाजवायचं ते आपल्याच दिवसांना: १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. कुणाच्या लग्नात नाही, पोळ्याला नाही, पुढाऱ्याच्या सभेला तर नाहीच, कितीही पैसे दिले तरी. निघायचं विहारापासून आणि परत विहारातच यायचं. गाणी आपली. आणि घरच्या मोठ्या माणसांचा विरोध असेल त्या मुलीला कुणी आग्रह करायचा नाही.

आबाजी अजून हो म्हणाले नाहीत. पण काल त्यांनी मला गावातल्या जागा सांगितल्या: डफडं घेऊन कुठं खाली उतरून चालावं लागे, कुणाच्या वाड्यासमोर थांबून वाजवल्याशिवाय पुढं जाता येत नसे, देवळाच्या कुठल्या पायरीच्या पुढं पाऊल टाकायचं नव्हतं. म्हणाले, निघालाच तर यातल्या एकाही ठिकाणी थांबू नका, हात चालू ठेवा आणि रस्त्याच्या मधून चला. मुली आता त्याप्रमाणे मार्गाचा कागद करताहेत.

संदलवाले भाऊ, तीन मापांची कडी आमच्या इथला लोहार करून देईन म्हणतो, पण त्याला मापं इंचात पाहिजेत. ती लिहून पाठवा. कातडं ताणून बसवणारं आमच्या भागात आता कुणी उरलं नाही, तुमच्या ओळखीत असेल तर सांगा, येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ.