इंजिन दम टाकतंय? आधी सुईला हात लावू नका

चतुर:
नायट्रो हेली (मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारं रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर) उडवणाऱ्यांपैकी बहुतेकांची एक सवय मला पटत नाही, म्हणून हा धागा. हवेत ताकद कमी वाटली की हेली उतरवायचं, हाय नीडल (कार्ब्युरेटरमधून इंजिनाला जाणारं इंधन कमी-जास्त करणारी सुई) दोन क्लिक, म्हणजे दोन खाचा, उघडायची आणि पुन्हा उडवायचं. माझं म्हणणं, सुई शेवटी. आधी टाकी, नळ्या, ग्लो प्लग (आतल्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा) आणि थ्रॉटलची जोडणी बघा.

माझं ५० साइजचं (०.५० घनइंची इंजिनचं) हेली पहिली तीन मिनिटं उत्तम उडायचं. चौथ्या मिनिटाला चढाईत कलेक्टिव्ह दिलं (सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवला) की हेडस्पीड (मुख्य पात्यांचे फेरे) बसायचा, आवाज कोरडा व्हायचा. मी दोन क्लिक उघडले. बरं वाटलं. पुढच्या वेळी आणखी दोन. असं करत शेवटी भरल्या टाकीला इंजिन धुराने गुदमरायचं आणि टाकी अर्ध्याखाली गेली की परत तेच! तीन आठवडे यात गेले.

मग टाकी बाहेर काढली. इंधनाची नळी बंद केली, प्रेशरच्या नळीतून (मफलरचा दाब टाकीत नेणारी) सिरिंजने हवा भरली आणि सगळं पाण्यात बुडवलं. (तोंडाने फुंकू नका, मिथेनॉल विषारी आहे.) मफलरच्या निपलवर जिथे नळी बसते, तिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. नळी बोटांत वाकवल्यावर केसाएवढी चीर उघडली. कडेला तपकिरी तेल साचलं होतं. टाकी भरलेली असताना इंधनाची पातळी वर असते, म्हणून तेव्हा भागायचं. पातळी उतरली की इंजिनाला मफलरच्या दाबाची खरी गरज लागते, आणि तोच दाब चिरेतून निघून जात होता. मी मात्र सुई फिरवत बसलो होतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

दोन_क्लिक:
पूर्ण असहमत. तुमची चीर सापडली हे चांगलं झालं, पण यावरून सगळ्यांना "सुई शेवटी" सांगणं धोक्याचं आहे. टू-स्ट्रोकमध्ये वंगण वेगळं नसतं, तेल इंधनातूनच येतं. इंजिन लीन (हवेच्या मानाने कमी इंधनावर) चाललं की इंधन कमी, म्हणजे तेलही कमी, आणि त्यात उष्णता वाढलेली. रिच (जास्त इंधन घेणारं) इंजिन जरा सुस्त उडेल, एवढंच. लीन इंजिन एका उड्डाणात पिस्टन खाऊन टाकतं.

मी एकदा असाच "आधी कारण शोधू" म्हणत त्याच सेटिंगवर आणखी एक टाकी उडवली. इंजिन खोललं तर स्लीव्हवर (पिस्टन जिच्यात सरकतो ती नळी) एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला उभे ओरखडे, नख अडकेल इतके खोल. पिस्टन आणि स्लीव्ह दोन्ही गेले. घर पेटल्यावर आधी पाणी मारतात, वायरिंग नंतर बघतात.

आणि सुई खरोखर बदलावी लागते हो! दुपारच्या उन्हात बरोबर बसलेली सुई थंड सकाळी लीन होते, कारण गार हवा दाट असते आणि तिला इंधन जास्त लागतं. तिथे कुठली चीर शोधणार?

चतुर:
सकाळ-दुपारचा मुद्दा मान्य. पण तो फरक पहिल्या मिनिटापासून जाणवतो, चौथ्या मिनिटाला उगवत नाही. आणि त्याच सेटिंगवर आणखी एक टाकी उडवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ताकद गेली की थ्रॉटल हळूहळू कमी करत उतरवा आणि कारण सापडेपर्यंत उडवूच नका. इंजिन त्यानेही वाचतं.

भिंगरी:
दोघेही इंजिनच्याच मागे आहात. ताकद गेली म्हणजे इंजिन आजारी, हे हेलीत गृहीत धरता येत नाही. मी आधी कान देतो. हेडस्पीड पडतोय आणि इंजिनचा आवाज मात्र चढतोय, तर क्लच घसरतोय. अस्तर तेलकट झालेलं असतं नाहीतर झिजलेलं. दोन्ही एकत्र पडले तरच इंजिनकडे वळा.

दुसरं, गव्हर्नर. तो फेरे टिकवण्यासाठी स्वतःच थ्रॉटल उघडत जातो, त्यामुळे मिश्रण बिघडलेलं असलं तरी बराच वेळ कळतच नाही. थ्रॉटल पूर्ण उघडून झालं की मग एकदम धपकन बसतं, आणि आपल्याला वाटतं आत्ताच काहीतरी झालं. तपासणीचं उड्डाण गव्हर्नर बंद करूनच करा.

पिच (पात्यांचा कोन) पण मोजा. ५०च्या इंजिनला १३ अंश दिलेत तर सुई कुठेही ठेवा, ते ओढणार नाही. ११च्या आसपास आणा आणि मग तक्रार करा.

निवांत:
मी नवीन आहे. रिच असो वा लीन, मला दोन्हीकडे "जोर नाही" एवढंच कळतं. फरक कसा ओळखायचा?

चतुर:
रिच इंजिन सुरुवातीला वाईट असतं. धूर दाट, आवाज भुडभुड, तापलं की जरा सुधारतं. लीन याच्या उलट. सुरुवातीला तेज, मग तापत जातं आणि दम सोडतं, चढाईत धुराची रेघ पातळ होते. उतरवल्यावर आयडल (थ्रॉटल खाली असतानाचे इंजिनचे फेरे) लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतं. इंजिन बंद करून, पाती पूर्ण थांबल्यावर, मागच्या झाकणावर बोट ठेवा. चार-पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक, लगेच उचलावं लागलं तर लीन. प्लगची तारही बघा, वेडीवाकडी किंवा पांढुरकी झालेली असेल तर तेही लीनचंच लक्षण.

भिंगरी:
प्लगच्या तारेवर एवढा भरवसा ठेवू नका. ती जुनी झाली तरी तशीच दिसते. निवांत, आधी नवा प्लग लावून एक उड्डाण करा. निम्म्या वेळा तिथेच उत्तर मिळतं.

दोन_क्लिक:
माझ्या मतावर मी ठाम आहे: लक्षणं लीनची असतील तर उतरवल्यावर पहिली गोष्ट दोन क्लिक, मग बाकीचं. पण चतुर यांचं एक मला टोचलं. गेल्या महिन्यापासून मीही दर वेळी थोडी थोडी सुई उघडतोय आणि हवेचं कारण सांगतोय. दर वेळी हवाच बदलली असेल असं आता वाटत नाही. उद्या टाकी बाहेर काढतो. हेडर टँकसकट (मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामधली छोटी टाकी) बुडवू की वेगळी?

चतुर:
वेगळी. एकत्र बुडवली तर बुडबुडे कुठून आले ते कळणार नाही. आणि आतली क्लंकची (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) नळी बाहेर काढून ताणून बघा. तिथली चीर पाण्यात दिसत नाही, कारण ती टाकीच्या आतच असते. तिथून हवा ओढली जाते आणि फीडच्या नळीत बुडबुडे धावताना दिसतात. सगळं झाल्यावर टाकी थोड्या इंधनाने दोनदा विसळा, पाण्याचा थेंब राहता कामा नये. आणि हो, परत जोडल्यावर सुई आधीच्या जागी आणून ठेवू नका. तुमचे दोन क्लिक राहू द्या, पहिला हॉवर (एका जागी तरंगत ठेवणं) त्यावरच करा.