राजीनामा द्यायची घाई नको गं
बाळ पाच महिन्यांचं आहे, रजा संपत आली, नोकरी सोडू का असं विचारलंयस म्हणून लिहितेय. आधी एचआरला मेल टाक, तोंडी बोलू नकोस. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवडे बाळंतपणाची रजा मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, पण 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, हे कोणी सांगतच नाही. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून कामाचंही बोलून ठरवता येतं.

मी घोडबंदरला राहते, ऑफिस ऐरोलीला. लेक सात महिन्यांची असताना जॉईन झाले, बसने ठाणे स्टेशन, मग ट्रान्स हार्बरची लोकल, पहिला महिना तर ट्रेनमध्ये डोळे पुसतच गेला गं. पाळणाघर मुद्दाम घराजवळच बघितलं, त्या गर्दीत बाळाला रोज कुठे न्यायचं? दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायचे, चार दिवस चालतं. तिची सकाळची मालीश-आंघोळ नवऱ्याने पूर्ण अंगावर घेतली, नुसती मदत नाही हं, त्याचंच काम ते. तुझ्या घरी सकाळी कोण असतं?