नवीन करून पाह्यल्यानं खरंच डोक्स उघडते का?

पराटीवाला:
मागच्या हिवाळ्यात गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाले जाऊन आलो. 42 वर्षाच्या जिंदगीत लग्न, दवाखाना अन जिनिंग सोडून मी कोठी गेलोच नव्हतो. त्या गावाले 2009 पासून जवळपास 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क आहे अन ग्रामसभेत बहुमत चालतच नाही, सगळ्यायचं एकमत होईपर्यंत ठराव होत नाही. आमच्याकडं तं रजिस्टरच घरोघर फिरते, सह्या झाल्या की सभा झाली. हे गलत आहे हे मले तिथं बसल्यावर समजलं. म्हणून म्हणतो, वर्षातून एखादी नवी गोष्ट करून पाहाच.

कोरडवाहू 5 एकर:
दादा, डोक्स उघडते पण खिसा खाली होते त्याचं काय. 2002 ले बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा तेही नवीनच होतं, पयले काही वर्ष बरे गेले अन मंग 2017 ले गुलाबी बोंडअळी अशी आली का वरून बोंड हिरवंगार अन फोडलं की आत अळी, सारा कवडी कापूस, वेचाईची मजुरीबी निघाली नाही. नवीन नवीन हे पगारवाल्यायले शोभते.

पराटीवाला:
मी बियाण्याचं कुठं म्हणलं बावा? दुसऱ्याच्या गावात जाऊन बसायचं, आयकायचं, एवढंच.

स्कूटीवाली काकू:
मी 51 व्या वर्षी स्कूटी शिकली. पडली, गुडघा फुटला, पारावरचे सारे हासले. पण पयले घरचे म्हणायचे बँकेत लय गर्दी हाय, तू येऊ नको, अन मी मानायची. आता सोता जातो तं चार माणसं असते लाईनीत! पासबुकात काय काय निघालं ते इथं नाही सांगत.

कोरडवाहू 5 एकर:
काकू, हे पटलं. पण पेट्रोल?

काकू:
दुधाच्या पैशातून. तुमाले काऊन चिंता?

निंबाखाली:
पराटीवाले भाऊ, एवढ्या दूर गेले, चांगलं केलं. आपल्याच गावात नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यात कितीदा जेवले? तेबी नवीनच होईन, अन पायी जाता येते.

पराटीवाला:
जेवलो नाही, खोटं कायले बोलू. चहा पेलो हाय त्यायच्यासंग.

निंबाखाली:
त्यायच्या घरी का टपरीवर?

पराटीवाला:
टपरीवर.