डॅशहंड: आईची पाठ गेली, लेकीचं वेत घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डिचोलीकडचे. घरात डॅशहंड जातीची कुत्री सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. केनेल वगैरे नाही, वर्षाआड एखादं वेत, आणि पिल्लं जातात ती ओळखीपाळखीच्या घरांत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू द्यायचं नाही हे कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या सरकारी नियमांत यायच्या आधीपासून सासूबाईंचं ठरलेलं. नेणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न म्हणजे घरात जिना आहे का.

आता अडचण. आमची काजू, सहा वर्षांची, आखूड केसांची, तांबूस. चतुर्थीच्या आधी भर पावसात सोप्याच्या पायऱ्या उतरताना एकदम किंचाळली आणि पाठीची कमान करून तिथेच थिजली. संध्याकाळपर्यंत मागचे पाय ओढायला लागली. डॉक्टरांनी मागच्या पायाचं बोट चिमट्याने दाबलं तेव्हा तिने वळून गुरगुर केली. संवेदना शाबूत आहे म्हणून ऑपरेशन न करता पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती सांगितली. मणक्यातली चकती सरकली होती. आता चालते, पण वळताना मागचा भाग डुलतो. तिचं वेत अर्थातच बंद.

प्रश्न तिच्या लेकीचा आहे. चिंगी तीन वर्षांची, अजून एकही वेत नाही. आणि काय सांगू, इतकी देखणी मादी आमच्याकडे याआधी झाली नाही. छातीचं हाड पुढे नीट उठलेलं, पाठ चालतानाही सरळ, पुढचे पाय छातीला बिलगून. नाकाची तर कमाल. चिऱ्यांच्या गडग्यात (कुंपणाच्या भिंतीत) घूस कुठल्या भोकात आहे ते बाहेरूनच हेरते आणि मग नाकावर लाल माती थापून तासभर तिथून हलत नाही. हाक मारली तर ऐकू आलं नाही असं दाखवते. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू आम्हाला ऐकू यायच्या आधी हिचं भुंकणं सुरू, आणि तो आवाज या एवढ्याशा कुत्रीचा आहे यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. लोक या जातीला खेळणं समजतात. बिळात शिरून बिज्जूशी एकट्याने झुंजायला जर्मनांनी घडवलेलं जनावर आहे हे, हट्टी असणारच.

सासऱ्यांचं म्हणणं, जातच लांब पाठीची, एखाद्याला होणारच, म्हणून काय वंश बुडवायचा? नवरा म्हणतो, आईला झालं तर लेकीला टाळाच. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. पुण्याचा एक नर मनात आहे. त्याच्या मालकांना पाठीबद्दल विचारलं तर त्यांनी केनेल क्लबचा कागद पुढे केला. त्या कागदावरून आईबाप कळतात, मणके कसे कळणार?

वेताआधी मणक्याचे एक्स-रे कुणी काढले आहेत का? कोणत्या वयात, आणि ते वाचणार कोण? या आजाराची जीन टेस्ट असते असं ऐकलं, ती करून निर्णय घेता येईल का? आणि टाइल्सच्या फरशीवर घसरू नये म्हणून तुम्ही काय करता? शेणाने सारवलेल्या जमिनीवर आमची जुनी कुत्री कशी ऐटीत फिरायची!

प्रतिसाद (बेळगावहून):
ताई, जीन टेस्टवर पैसे घालू नका. चकत्या लवकर कडक होण्याशी जोडलेला तो दोष जवळजवळ सगळ्याच डॅशहंडांत असतो, बहुतेकांत दोन्ही प्रतींत. सगळेच पॉझिटिव्ह आले तर निवडणार कुणाला? एक्स-रेचा मात्र उपयोग आहे. स्कँडिनेव्हियात आणि ब्रिटनमध्ये वेताआधी तेच करतात. वय 24 ते 48 महिने, म्हणजे चिंगी अगदी वेळेत आहे. झोपेचं इंजेक्शन देऊन, कुशीवर झोपवून, मानेपासून शेपटीपर्यंत भागाभागाने फोटो घेतात आणि चुना साचलेल्या चकत्या मोजतात. एकही नसली तर उत्तम. पाच किंवा जास्त असतील तर त्या जनावराचं वेत घेऊ नये. मधल्या आकड्यांना जोडीदार स्वच्छ पाठीचा हवा. म्हणून नराचाही एक्स-रे मागा.

प्रतिसाद (फोंड्याहून):
आमच्याकडे रबराच्या चटया आहेत, पलंगापाशी उतरण आहे. उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, आणि हे घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही दटावून सांगतो. वजनावर लक्ष ठेवा. बरगड्या हाताला लागायला हव्यात. चतुर्थीत नेवऱ्या (करंज्या) बंद! काजूला पुन्हा दुखलं तर घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. स्टेरॉइड आणि दुसरी वेदनाशामकं एकत्र गेली तर पोटात रक्तस्राव होतो. आणि गडग्यातल्या भोकांपासून लांब ठेवा, पावसात घोणस तिथेच असते.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. घोणशीचं खरंच आहे, गडग्याला खालून जाळी मारून घेतेय. चिंगीला ते अजिबात आवडलेलं नाही.

एक्स-रे करायचं ठरलं. सासऱ्यांना "पाच चकत्या" हा हिशेब पटला, भावनेवर वाद घालण्यापेक्षा आकडा बरा. पुढच्या माजाला नर दाखवायचा नाही, रिपोर्ट येईपर्यंत थांबू. काजूची आधीच्या वेतांतली पिल्लं ज्या घरांत गेली त्यांना फोन करून सांगायला सुरुवात केली आहे. एका घरी त्या पिल्लाची तब्येत बघून आले, चांगलंच जाडं झालंय.

पुण्याचे मालक एक्स-रेला "बघू" म्हणाले. "बघू" म्हणजे नाही, असं धरून चालले आहे. तेव्हा शेवटची विनंती: गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव या पट्ट्यात आखूड केसांचा, पाठीचे एक्स-रे झालेला किंवा मालक तो काढायला तयार असलेला नर कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ठिपक्यांचा नको, चिंगीच्या बापाकडून तो रंग आला आहे आणि ठिपक्यांना ठिपके जोडले की आंधळी-बहिरी पिल्लं निघतात. वय झालेला नर असेल आणि अजून ताठ चालत असेल तर अधिकच चांगलं.