रिबाँडिंगचा टच-अप किती महिन्यांनी करावा? कानाजवळ केस तुटताहेत

कुरळी_नाशिक:

माझे केस जन्मजात कुरळे, जाड आणि कोरडे. 2022 च्या दिवाळीआधी पहिल्यांदा रिबाँडिंग, म्हणजे क्रीम आणि इस्त्रीने केस कायमचे सरळ, करून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा कंगवा वरपासून खालपर्यंत न अडकता गेला. त्या दिवशी मी आरशासमोरून हललेच नव्हते. म्हणूनच हे सोडवत नाही. तेव्हापासून दर पाच महिन्यांनी पार्लरमधून फोन येतो, ‘मॅडम, टच-अपची वेळ झाली,’ म्हणजे नवे कुरळे केस आलेत, पुन्हा सरळ करा. मी जाते. आतापर्यंत पाच वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी क्रीम मुळापासून टोकापर्यंत लावलं.

आता कानाच्या रेषेत केस तुटायला लागलेत. उशीवर, ओढणीवर बोटभर तुकडे सापडतात. त्यांना मूळ नसतं, म्हणजे गळत नाहीयेत, मधूनच तुटताहेत. वेणी खांद्यापर्यंत बरी दिसते, पुढे उंदराची शेपटी. डिसेंबरअखेर नणंदेचं लग्न आहे आणि भांगापाशी तीन बोटं कुरळे केस वर आलेत. पार्लरवाली म्हणते, रिबाँडिंग नको तर केराटिन करा, त्यात केमिकल नसतं. खरं आहे का? आणि मुळात हे किती दिवसांनी करायचं असतं?

पावसाळी:

माझे केस कुरळे नाहीत, नुसत्या लाटा आहेत. मी वर्षातून एकदा, मे महिन्यात स्मूदनिंग करते, तेही क्रीम लावून केस सरळ करणंच, पावसाळा सुखात जातो. पाच महिन्यांनी म्हणजे फारच लवकर, आणि तेही पूर्ण लांबीला? माझी पार्लरवाली फक्त वरच्या नव्या केसांना लावते.

मिरजेची_पार्लरताई:

मिरजेत माझं पार्लर आहे, 19 वर्षं झाली. तू माझ्या भाचीच्या वयाची वाटतेस म्हणून एकेरी बोलते.

महिने मोजू नकोस, बोटं मोज. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. भांगापाशी आडवी चार बोटं बसतील एवढा नवा केस आल्याशिवाय मी टच-अपला हात लावत नाही. त्याला सहा-सात महिने लागतात, कुणाला आठ. लाटा असलेल्या केसांना वर्षभर थांबता येतं. चारच बोटं का, तर क्रीम टाळूपासून थोडं सोडून लावायचं आणि जुना सरळ केस सुरू होण्याच्या अलीकडेच थांबायचं असतं. वाढ कमी असेल तर ब्रशला जागाच राहत नाही, क्रीम जुन्या केसावर उतरतंच.

आणि एकदा नीट सरळ झालेला केस पुन्हा कुरळा होत नाही. त्याला दुसऱ्यांदा क्रीम कशासाठी? केस ज्या प्रथिनाचा बनतो ते केराटिन गंधकाच्या बंधांनी बांधलेलं असतं. पहिलं क्रीम, म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट, ते बंध तोडतं. मग धुऊन, वाळवून इस्त्री. त्यानंतर दुसरं क्रीम, न्यूट्रलायझर, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते बंध नव्या आकारात जोडतं. पण तुटलेले सगळेच परत जुळत नाहीत. आता तुझा हिशेब कर: टोकांनी हे पाच वेळा सोसलंय. कानापाशी जो केस आहे तो साधारण दीड वर्षापूर्वी उगवला, त्याने तीन वेळा. तिथेच रबर लावत असशील किंवा हेल्मेटची पट्टी घासत असेल तर तो तुटणारच.

आज एक काम कर. कानाजवळचा एक केस ओला करून दोन्ही हातांनी हलका ओढ. चांगला केस थोडा ताणतो आणि जागेवर येतो. चिंगमसारखा लांबत गेला आणि मागे फिरलाच नाही, तर त्या केसाला आता कुठलंही क्रीम लागता कामा नये, कुणी फुकट करून दिलं तरी.

मेंदी लावतेस का, तेही सांग. 2011 मध्ये माझ्याकडे एक कॉलेजची मुलगी आली होती. बाजारातली पाकिटाची मेंदी लावलेली, आणि मी विचारलं नाही. चूक माझीच. पहिल्या क्रीमपर्यंत सगळं ठीक होतं. न्यूट्रलायझर लावला आणि केस हाताला कोमट लागायला लागले. धुताना पुंजकाच्या पुंजका माझ्या बोटांत आला. काही पाकिटांच्या मेंदीत धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि पेरॉक्साइड लागलं की ते तापतात. त्या मुलीचे केस परत खांद्यापर्यंत येईस्तोवर मी तिच्याकडून एक रुपया घेतला नाही, पण तिने कॉलेजचं गॅदरिंग स्कार्फ बांधून काढलं, ते काही परत देता आलं नाही. तेव्हापासून मागच्या बाजूच्या चार केसांवर आधी करून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

कुरळी_नाशिक:

ताई, ओढून बघितला. लांबत गेला आणि तुटला. तीन केस बघितले, तिन्हींचं तेच. म्हणजे टच-अप नाहीच. मग केराटिन?

मिरजेची_पार्लरताई:

‘केमिकल नसतं’ असं जी सांगते तिला डबा उलटा करून वाचायला सांग.

केराटिन म्हणून जे विकलं जातं त्यातल्या पुष्कळ बाटल्यांत केस सरळ धरून ठेवण्याचं काम फॉर्माल्डिहाइड करतं. डब्यावर बऱ्याचदा ते नाव नसतं, मिथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं असतं. पाण्यातलं फॉर्माल्डिहाइडच ते. वर 200 अंशांच्या पुढे तापलेली इस्त्री फिरली की वायू होऊन नाकाडोळ्यांत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला 2004 मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. मी दोन वर्षं केराटिन केलं. एसीची बंद खोली, माझ्याकडच्या मुली डोळे पुसत काम करायच्या. गिऱ्हाईक चार महिन्यांतून एकदा तो वास घेतं, त्या पोरी आठवड्यातून तीनदा. मी बंद केलं.

मग ‘फॉर्माल्डिहाइड फ्री’ बाटल्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच ग्लायऑक्झिलिक ॲसिडच्या. 2024 च्या मार्चमध्ये एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 26 वर्षांच्या मुलीची हकिकत छापून आली. 2020, 2021 आणि 2022, तीन वेळा तिने केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये 10 टक्के ग्लायऑक्झिलिक ॲसिड होतं. तेच क्रीम उंदरांना लावलं तर त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक दिसले. सगळ्यांना असं होतं असं मी म्हणत नाही. पण टाळू जळजळत असेल, उलटी किंवा कंबरदुखी सुरू झाली तर लगेच डॉक्टरांकडे जायचं आणि केसांना काय लावलं ते सांगायचं. हे बायका सांगतच नाहीत.

‘किती वेळा’ विचारलंस म्हणून अजून एक. अमेरिकेत 33,000 हून जास्त बायकांवर झालेला अभ्यास 2022 मध्ये आला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी क्रीमं वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 4.05 टक्के निघालं, कधीच न वापरणाऱ्यांत 1.64. त्यांची क्रीमं आपल्यापेक्षा वेगळी असतील, आणि एवढ्यावरून क्रीममुळेच झालं असं म्हणता येत नाही. तरी वर्षातून दोनदाच्या वर मी कुणालाच जाऊ देत नाही, आणि दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला करतच नाही.

दोन_रंगी_पुणे:

मी सव्वादोन वर्षं काहीच न करता वाढवले. वर कुरळे, खाली सरळ, पहिले आठ महिने फार जड गेले. दर तीन महिन्यांनी दोन इंच कापत गेले. ओल्या केसांत कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर गुंता काढायचा. कुरळा आणि सरळ भाग जिथे जुळतो तिथे केस फार नाजूक असतात. लग्नाला खालच्या बाजूला अंबाडा आणि गजरा, भांगाजवळचं त्याच दिवशी रोलर लावून ब्लो-ड्राय. माझ्या भावाच्या लग्नात तसंच केलं होतं.

कुरळी_नाशिक:

आज पार्लरला फोन करून टच-अप नको म्हणाले. ती म्हणाली, लग्नात फोटो खराब येतील. शनिवारी चार इंच कापतेय, अंबाड्यापुरते उरतील.

ताई, मेंदीचं राहिलं. आईने श्रावणात लावून दिली होती. घरी भिजवलेली पानांची नाही, ‘ब्लॅक मेंदी’चं पाकीट होतं.

मिरजेची_पार्लरताई:

पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाक. आणि शनिवारी कापणारीला आधीच सांग, कापल्यावर केस सरळ करायचं गरम मशीन फिरवायचं नाही.